यंत्राच्या टोकाची कातडी

सासूबाईंच्या कुमिसात, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधात, यंत्र बुडवून बघावं असं ताबिल्दीच्या मनात आलं, तेव्हा दुपारची वेळ होती, बायको अंगणात कढईशी बसली होती आणि त्याला अडवायला जवळपास कुणी नव्हतं. हात दाखवून अवलक्षण करायला एवढी सोय पुरते.

यंत्र नवं होतं. हातात मावेल एवढा डबा, डब्याला छोटा पडदा, डब्यातून निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला बोटाएवढी दांडी. दांडीच्या टोकावर कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ कातडी ताणून बसवलेली. ती पाण्यात धरली की पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती, ते पडद्यावर आकड्यात दिसायचं. आठ-नऊ आलं तर मासे मजेत. पाचाच्या खाली गेलं तर मालकानं धावपळ करायची. तिनाच्या खाली गेलं तर धावपळ न करता बाजूला बसून रडलं तरी चालतं.

ताबिल्दी ट्राउट पाळत असे. आमच्या खोऱ्यात मेंढ्या पाळतात, घोडे पाळतात, एकानं तर याकही पाळले आणि शिंगं खाऊन बघितली. मासे कुणी पाळत नाही. ताबिल्दीनं ओढ्याला पाट काढून तळं खणलं, तेव्हा लोकांना वाटलं, पोहायला असेल.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्याकडे दोन माणसं भेटली की आधी विचारतात, "मालजीव सुखरूप ना?" माल म्हणजे जनावरं आणि जीव म्हणजे घरातली माणसं. (क्रम आम्ही लावलेला नाही, वाडवडिलांपासून तसाच आहे.) ताबिल्दीचे सासरे एसेनकुल हे सगळ्यांना रीतसर विचारायचे, अगदी रस्त्यावर भेटलेल्या परक्या ट्रकवाल्यालाही. जावई भेटला की मात्र म्हणायचे, "जीव सुखरूप ना?" बस, तेवढंच. माल वगळून. लग्न झाल्यापासून असंच चाललं होतं. ज्याला पाय नाहीत, जो हाक मारली तर येत नाही आणि ज्याच्या अंगावर लोकर नाही, तो माल कसला, हे त्यांचं म्हणणं. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून ताबिल्दीला जास्त लागायचं.

त्यात मागचा उन्हाळा. ओढा आटला, पाणी तापलं आणि एका दुपारीत अर्धं तळं पांढरी पोटं वर करून तरंगायला लागलं. ताबिल्दीनं ते मासे एकट्यानं पुरले. एसेनकुलच्या मेंढ्या बर्फात गेल्या होत्या त्या साली सगळं खोरं त्यांच्याकडे बसायला गेलं होतं; ज्यानं त्यानं एकेक जनावर दिलं होतं, ताबिल्दीनंही आपली एकुलती मेंढी नेऊन बांधली होती. ताबिल्दीचे मासे गेले तेव्हा कुणी आलं नाही. एसेनकुल एवढंच म्हणाले, "मासेच ना? पाण्यात आणखी असतील." त्या रात्री तो जेवला नाही, आणि बायकोला, बुरुलचाला, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

म्हणून हे यंत्र आलं. आणि आता उद्या एसेनकुल पहिल्यांदाच त्याच्या घरी यायचे होते. लेक, सेझिम, चालायला लागली होती. तिच्या पायांना काळी-पांढरी दोरी बांधून, शर्यतीत पहिल्या आलेल्याकडून ती कापून घ्यायचा समारंभ होता. अंगणात तंबू उभा राहिला होता, मेंढी ठरली होती. पण मेंढीच्या आधी पाहुण्यांपुढे ट्राउट ठेवायचे, आजोबांना तळ्यावर न्यायचं आणि मग त्यांनी एकदा, एकदाच, "माल कसा आहे?" असं विचारावं, एवढी त्याची इच्छा होती. माणसं याहून मोठ्या इच्छा धरतात आणि त्या पुऱ्याही होतात.

यंत्र हाती आल्यापासून त्यानं ओढा मोजला, विहीर मोजली, चहा मोजला. लेकीच्या आंघोळीचं पाणी मोजताना बुरुलचानं त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"आता माझ्या डोळ्यांतलं पाणी मोजायचं राहिलंय," ती म्हणाली. "तेही लवकरच मिळेल तुला."

आणि मग ही दुपार आली. सासूबाई उमसुनाय एक दिवस आधीच डोंगरावरच्या कुरणावरून उतरल्या होत्या आणि घोड्यावरून कुमिसची कातडी पखाल घेऊन आल्या होत्या. घोडीचं दूध सगळेच आंबवतात, पण उमसुनायच्या कुमिससाठी लोक दोन खिंडी ओलांडून येतात. पखाल तंबूत टांगलेली होती, कटोरा भरून ठेवलेला होता, यंत्र खिशात होतं. ताबिल्दीनं दांडी कटोऱ्यात बुडवली.

आकडा उतरायला लागला. चार. दोन. एक. आणि शून्यावर येऊन बसला.

"बाप रे," तो स्वतःशीच म्हणाला. "यात मासा श्वासभरही जगणार नाही."

"काय करतोस रे?"

मागे उमसुनाय उभ्या होत्या. त्यांना तो अपा म्हणे, आमच्याकडे आईला म्हणतात तसं, आणि सासऱ्यांना अता, वडिलांना म्हणतात तसं.

"काही नाही, अपा. मोजत होतो."

"काय मोजत होतास?"

"यात प्राणवायू किती आहे ते."

"किती आहे?"

इथे शहाणा माणूस 'भरपूर' म्हणाला असता. ताबिल्दी खरं बोलणारा होता.

"शून्य."

उमसुनायनं डोक्याचा रुमाल नीट केला. "म्हणजे माझं कुमिस मेलेलं आहे?"

"नाही, अपा, उलट आहे. ते जिवंत आहे म्हणूनच शून्य. आत बारीक बारीक जीव असतात ना, ते सगळा प्राणवायू खाऊन टाकतात."

"माझ्या कुमिसात जीव आहेत?"

"असतातच, अपा. लाखो असतात."

"वळवळणारे?"

"दिसत नाहीत हो. फार बारीक असतात."

"तुम्हाला दिसतात वाटतं," उमसुनाय म्हणाल्या. एरवी त्या जावयाला तू म्हणत. तुम्ही म्हणायला लागल्या की घरातली माणसं आपापली कामं शोधून बाहेर जात. "आमच्या सासूबाई याच पखालीतलं कुमिस पिऊन नव्वदीला गेल्या. त्यांना कुणी कळवलं नाही. बुरुलचा, माझ्या घोड्यावर खोगीर घाल."

बुरुलचा आली, तिनं कटोरा बघितला, दांडी बघितली, नवऱ्याचं तोंड बघितलं. तिला काही विचारावं लागलं नाही.

"पी," ती नवऱ्याला म्हणाली.

"किती?"

"अपा थांबायला सांगतील तोवर."

तो प्यायला. गुडघे टेकून, दोन्ही हातांनी कटोरा धरून, प्रत्येक घोटानंतर मान डोलवत. अपांनी बराच वेळ थांबायला सांगितलं नाही. आंबलेलं दूध डोक्यात चढतं हे तुम्हाला ठाऊक असेल; ताबिल्दीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो म्हणाला, की अपा, तुमच्या हातचं कुमिस म्हणजे या घराला मिळालेला आशीर्वाद आहे, मी नालायक आहे, माझ्या मेलेल्या माशांची शपथ. यातलं काहीही खोटं नव्हतं.

उमसुनाय मुळात मायाळू बाई. त्यांनी खोगीर उतरवायला सांगितलं आणि जावयाजवळ बसून ती दांडी हातात घेतली.

"एवढ्याशा टोकात काय असतं रे?"

"कातडी आहे, अपा." ते 'रे' ऐकून त्याला जीव भांड्यात पडल्यासारखं झालं. "तीच सगळं काम करते. बाकीचा नुसता डबा आहे. ती फार जपावी लागते. कोरडी पडली, भेग गेली, की यंत्र संपलं. मग माझे मासे कोण सांभाळणार?"

"कातडीचं मला शिकवतोस?" अपा म्हणाल्या.

ताबिल्दी सुखानं हसला आणि तिथेच, तंबूच्या मधोमध, आडवा झाला. दांडीवर ओल्या स्पंजाचं टोपण घालायचं राहून गेलं.

पहाटे उठला तेव्हा डोकं जड होतं, पण मन हलकं होतं. यंत्र उशाशी नीट गुंडाळून ठेवलेलं होतं. बुरुलचानं ठेवलं असेल, असं त्याला वाटलं. तो तळ्यावर गेला, दांडी पाण्यात सोडली आणि आकड्याकडे बघत राहिला.

एक पूर्णांक काहीतरी. मग एकाच्याही खाली.

त्यानं दांडी झटकून पुन्हा बुडवली. दुसऱ्या कडेला जाऊन बुडवली. पाट जिथे तळ्यात पडतो, जिथे पाणी फेसाळतं, तिथे बुडवली. आकडा काही वर येईना. तेवढ्यात तळ्याच्या मधोमध एक मासा उसळला, मग दुसरा, मग पाच-सहा. ट्राउट पहाटे माशी-चिलटं पकडायला उसळतात हे ताबिल्दीला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. पण त्याच्या हातात यंत्र होतं, आणि यंत्रात एकाच्या खालचा आकडा होता, आणि डोळ्यांपुढे मागच्या उन्हाळ्यातली पांढरी पोटं होती. मासे हवेसाठी तडफडतायत असंच त्याला दिसलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"बुरुलचा," तो दारातून म्हणाला, "मासे चालले."

"कुठे?"

"मागच्या वर्षी गेले तिकडे."

ती उठली, आणि तिच्या मागे सगळी आळी उठली. समारंभासाठी आदल्या दिवशीच आलेले पाहुणे होते, ते उठले. शेजारचा काचकिनबाय मांडीवर हात पुसत आला आणि तळ्याकडे बघून म्हणाला, "मला तर मजेत दिसतायत."

"तुला काय कळतं? हे बघ." ताबिल्दीनं यंत्र त्याच्या नाकाशी धरलं.

काचकिनबायनं श्वास आत ओढला. "वास छान येतोय," तो म्हणाला, पण तेव्हा त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पाणी ढवळलं की हवा मिसळते, एवढं ताबिल्दीनं ओरडून सांगितलं आणि लोक कामाला लागले. कुणी फावड्यानं पाणी बडवलं, कुणी बादलीनं उंचावरून ओतलं. पोरीच्या दोरीच्या शर्यतीसाठी आलेले गडी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून हातपाय मारायला लागले. उमसुनाय कुमिस घुसळायची लांब दांड्याची रवी घेऊन काठावर बसल्या आणि तळं घुसळायला लागल्या, तोंडानं दुवा म्हणत, घोडीच्या दुधाला म्हणतात तीच. ताबिल्दी मधूनमधून दांडी बुडवत होता. शून्य पूर्णांक सात. शून्य पूर्णांक पाच.

"काही होत नाही," तो म्हणाला.

मग तो तळ्याच्या खालच्या फळीशी गेला. ती उचलली की तळं ओढ्यात रिकामं होतं. फळीवर हात ठेवून तो थोडा वेळ उभा राहिला. दोन वर्षं वाढवलेले मासे होते. त्यांतल्या काहींना तो ओळखत होता, किंवा त्याला तसं वाटायचं.

"अरे, उद्या काय दाखवणार आहेस आजोबांना?" बुरुलचा म्हणाली. उद्या आज झाला होता, हे तिच्याही लक्षात नव्हतं.

"मेलेले नाही दाखवायचे," तो म्हणाला. "ओढ्यात निदान जगतील तरी."

त्यानं फळी उचलली. पाणी आवाज करत निघालं आणि त्याबरोबर मासेही, काळ्या पाठींचे, गुलाबी कुशींचे, धष्टपुष्ट, एकामागोमाग एक. मरायला टेकलेल्या माशांच्या मानानं त्यांच्यात बराच जोम होता. काचकिनबाय बघता बघता दिसेनासा झाला. त्याचं घर ओढ्याच्या खालच्या अंगाला आहे.

तळाशी गुडघाभर पाणी आणि चार-दोन आळशी मासे उरले. ताबिल्दी काठावर बसला. हातात काहीतरी असावं म्हणून त्यानं दांडी उचलली आणि सवयीनं तिचं टोक सदऱ्याच्या टोकाला पुसलं. सदऱ्यावर तेलकट डाग उमटला. त्यानं टोक नाकाशी नेलं. मेंढीच्या शेपटीची चरबी, आणि त्यावर डोंगरातल्या अर्चाच्या झाडाच्या काटक्यांचा गोड धूर. त्यानं बोटावर साबण घेऊन टोक हळूहळू धुतलं, उरलेल्या पाण्यात सोडलं आणि वाट बघितली.

साडेआठ.

तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती धुपाटणं राहिलं, असं म्हणतात. ताबिल्दीच्या हाती अगदी तेच होतं, धुरासकट.

"बरी राहिली का रे कातडी?" उमसुनाय ओली रवी पुसत त्याच्या शेजारी येऊन बसल्या. दमल्या होत्या बिचाऱ्या, हाताला फोड आले होते. "काल तू ती उघडीच टाकून झोपलास. बघते तर वाळून कोळ झालेली. मग मी पखालीला लावते तशी चरबी चोळली, वरून धूर दिला. जुनी पखाल तीस वर्षं टिकते तशानं. माझ्या लेकीचा संसार आहे तिच्यावर, मला का कळत नाही?"

बुरुलचा समोर उभी होती. तिनं आईकडे बघितलं, नवऱ्याच्या सदऱ्यावरच्या डागाकडे बघितलं, रिकाम्या तळ्याकडे बघितलं. तिच्या हातातली बादली खाली आली.

ताबिल्दीनं तिच्याकडे बघून अगदी थोडी मान हलवली. नको म्हणून.

"छान केलंत, अपा," तो म्हणाला. "इतकी मऊ कधीच नव्हती."

"मग हे असं कसं झालं?"

"माझ्याच हातून झालं काहीतरी."

दिवस वर आल्यावर एसेनकुल आले. घोड्यावरून उतरले, नातीच्या कपाळाचा वास घेतला, तंबूकडे न जाता तळ्याशी आले. वाटेत त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. रिकाम्या तळ्याच्या काठावर, चिखलाची पर्वा न करता, ते जावयाशेजारी मांडी घालून बसले. बर्फाच्या साली लोक त्यांच्याशेजारी असेच बसले होते.

मग ते म्हणाले, "माल किती गेला?"

ताबिल्दीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"काय म्हणालात, अता?"

"माल, रे. किती माल गेला तुझा?"

इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो शब्द आला, आणि दाखवायला चार आळशी मासे उरले होते. तो रडला. एसेनकुलनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "गेला म्हणू नये," ते म्हणाले. "कुरणावर सोडला म्हणावं. माल कुरणावर जातो तसा परत येतो."

"मासे नाही येत, अता."

"सगळेच नाही येत," एसेनकुल म्हणाले. "मेंढ्याही सगळ्या येत नाहीत."

मग ते उठले आणि त्यांनी खोऱ्यातल्या ज्येष्ठ माणसाच्या आवाजात सगळ्यांना सांगितलं, की जावयाचा माल गेला आहे आणि आपल्यात रीत आहे. ज्याच्याकडे जे असेल त्यानं ते आणावं.

रीत म्हणजे रीत. दुपारपर्यंत शेजारी येऊ लागले, गंभीर चेहऱ्यानं, हातात एकेक, दोन-दोन ट्राउट घेऊन. ओढ्यात त्या दिवशी ट्राउटला काही तोटा नव्हता. कुणी काटकीत ओवून आणले, कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून. काचकिनबायनं चार आणले, तेही तळलेले, आणि डोळे पुसत म्हणाला, "आमच्याकडून एवढंच, गोड मानून घे." देणाऱ्याला बसवून मांस वाढायचं आणि चहा पाजायचा, हीही रीतच आहे. तेव्हा ताबिल्दीनं आपले मासे परत मिळाल्याबद्दल एकेकाचे आभार मानले, एकेकाला बसवलं, वाढलं. एक मेंढी पुरली नाही, दुसरी आणावी लागली. सेझिमची दोरी कापली गेली. ती दोन पावलं टाकून तळलेल्या माशाच्या ताटात बसली.

त्या गोष्टीला आता काही काळ झाला. तळ्यात नवी पिल्लं सोडली आहेत आणि यंत्र आठ-नऊ दाखवतं. आणि ताबिल्दीला एकदा, एकदाच जे ऐकायचं होतं ते आता तो रोज ऐकतो. एसेनकुल त्याला बाजारात लांबून बघतात आणि घोड्यावरूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मनापासून विचारतात, "मालजीव सुखरूप ना? माल उतरला का कुरणावरून?" त्यांचं ऐकून आता बसवाला विचारतो, दुकानदार विचारतो, परवा तर परका ट्रकवाला विचारून गेला.

"अजून नाही, अता," ताबिल्दी म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

उमसुनाय दर वेळी डोंगरावरून उतरताना त्याच्यासाठी शेपटीच्या चरबीचा एक गोळा फडक्यात बांधून आणतात. तो गोळा तो दोन्ही हातांनी घेतो आणि फडताळात ठेवतो. फडताळात आता दुसरं काही मावत नाही. आणि कुणी पाहुण्यानं तळ्याची गोष्ट काढलीच, तर त्या जावयाची बाजू घेतात.

"त्याला नावं ठेवू नका," त्या म्हणतात. "कातडी उघडी टाकून झोपला, एवढीच त्याची चूक. मी चरबी चोळली हो, पण फार उशीर झाला होता. झाला होता ना रे?"

"हो, अपा," ताबिल्दी म्हणतो. "उशीरच झाला होता."